खळाळत्या नदीतून कॅनोने प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संथ पाण्यावर कॅनो सरळ नेता येते, हवी तशी वळवता येते आणि आता खळाळ असलेली एखादी नदी दोन-चार दिवसांत उतरून जावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. खळाळाला या छंदातली मंडळी सर्रास ‘रॅपिड’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. हवा भरलेला राफ्ट आणि वरून बंद असलेली कयाक यांचे गणित निराळे असते. येथील सर्व विवेचन वरून उघड्या असलेल्या, सामान भरलेल्या, दोघांनी वल्हवायच्या कॅनोपुरते आहे.

नियोजनाला सुरुवात कोठून करावी?

होडी पाण्यात घालण्याची जागा आणि ती बाहेर काढण्याची जागा यांच्यामधले अंतर नकाशावर मोजायचे, त्याला दिवसांनी भागायचे आणि आलेला भागाकार हाच रोजचा टप्पा मानायचा, अशी बहुतेकांची पहिली पद्धत असते. संथ नदीवर ती निभावून जाते. रॅपिड असलेल्या नदीवर मात्र आधी ठरवावे लागते ते थांबायचे कोठे हे. पुढे जाण्यासाठी तेथे फारसे काही करावे लागत नाही, पाणी नेतेच. कसब लागते ते वेळेवर काठाला लागण्यासाठी. म्हणून नकाशावर पहिल्या खुणा कराव्यात त्या प्रत्येक मोठ्या रॅपिडच्या वर जेथे होडी सुखरूप लावता येईल त्या काठांच्या, त्यानंतर वाटेत नदीजवळ येणाऱ्या रस्त्यांच्या आणि पायवाटांच्या, आणि सर्वांत शेवटी मुक्कामाच्या. या खुणांमधली अंतरे जोडून जो टप्पा तयार होतो तो खरा टप्पा. कधी तो सात किलोमीटरांचा निघेल, कधी पंचवीस किलोमीटरांचा.

खुणा करताना ‘डावा तीर’ आणि ‘उजवा तीर’ हे शब्द नेहमी नदी वाहते त्या दिशेला तोंड करून वापरावेत. आपण मागे वळून पाहत असलो तरी डावा तो डावाच राहतो. चार माणसांत एकाने जरी याचा उलटा अर्थ घेतला, तरी मोठ्या रॅपिडच्या तोंडाशी एक होडी भलत्याच काठाला लागते.

रॅपिडच्या श्रेणींचा नेमका अर्थ काय?

आंतरराष्ट्रीय श्रेणीपद्धतीत १ ते ६ असे वर्ग आहेत. पहिल्या वर्गात पाणी वेगाने वाहते, लहान लाटा असतात आणि अडथळे थोडे व उघड दिसणारे असतात. दुसऱ्या वर्गात वाट रुंद आणि स्पष्ट असते, काठावर उतरून न पाहताही ती होडीतून ओळखता येते. तिसऱ्या वर्गात लाटा अनियमित होतात, त्या टाळणे कठीण जाते आणि त्या उघडी कॅनो पाण्याने भरून टाकू शकतात. चौथ्या वर्गातले पाणी जोरकस असते, तेथे होडीवर अचूक ताबा हवा, आणि चूक झाली तर इतरांनी बाहेर काढण्यासाठी सराव झालेला गट सोबत हवा. पाचवा वर्ग निष्णातांचा आहे आणि सहावा जवळजवळ कोणीच न उतरण्याचा.

सामान भरलेल्या उघड्या कॅनोची व्यवहार्य मर्यादा माझ्या मते दुसऱ्या वर्गाच्या थोडी पुढे, तिसऱ्याच्या सोप्या बाजूला संपते. तिसऱ्या वर्गाचे वर्णन वाचताना ‘कयाकमधून सहज जाता येते’ असे वाक्य भेटले तर त्यावर विसंबू नये, कारण कयाकवर लाट येऊन निघून जाते आणि कॅनोत ती मुक्कामाला राहते. शिवाय पाणी सुमारे १० अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल किंवा नदी वस्तीपासून फार दूर असेल, तर प्रत्येक रॅपिड एक वर्ग वरचा धरावा, असा या पद्धतीतच संकेत आहे. ज्या पाण्यात उलटल्यावर पाच मिनिटांत अंग पुसून चहाच्या आशेवर बसता येते आणि जेथून माणसांत यायला दोन दिवस लागतात, ती दोन पाणी कागदावर सारखी असली तरी प्रत्यक्षात एक नसतात.

एखादी नदी आपल्याला झेपेल की नाही हे नकाशावरून कळते का?

बरेचसे कळते. नदीला छेदून जाणाऱ्या समोच्च रेषा मोजाव्यात आणि दर किलोमीटरला नदी किती मीटर उतरते ते काढावे. उदाहरणार्थ, २० किलोमीटरांत उंचीत १० मीटरांचा फरक दाखवणाऱ्या पाच रेषा नदी ओलांडत असतील, तर एकूण उतार ५० मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी अडीच मीटर. हा आकडा भीतीदायक वाटत नाही. पण त्याच पाचपैकी चार रेषा शेवटच्या चार किलोमीटरांत दाटीने आल्या असतील, तर तेथे किलोमीटरला दहा मीटरांचा उतार आहे आणि आधीचे सोळा किलोमीटर जवळपास तळ्यासारखे आहेत. सरासरीने नेमकी हीच गोष्ट लपवली होती.

उतार सारखा असूनही दोन नद्यांचा स्वभाव वेगळा असू शकतो. एकीत लहान रॅपिड आणि त्याखाली खोल, संथ डोह अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. तेथे चूक झाली तरी डोहात सर्व गोळा करता येते. दुसरीत उसंत न देणारा सलग खळाळ असतो आणि उलटलेली होडी किलोमीटरभर हाती लागत नाही. पहिल्या सहलीसाठी डोहांची नदी निवडावी. उपग्रहचित्रात पांढरा फेस आणि काळसर संथ पट्टे आळीपाळीने दिसतात का, ते पाहून याचा चांगला अंदाज येतो. मात्र चित्र कोणत्या ऋतूतले आहे तेही पाहावे.

पाण्याच्या प्रवाहाचे आकडे कसे वाचावेत?

प्रवाह क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, किंवा क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर, असा दिला जातो. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. नुसता आकडा काहीच सांगत नाही; तो त्याच नदीच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो. जो प्रवाह रुंद पात्रात होडीचा तळ खडकांवर घासवतो, तोच एखाद्या अरुंद घळीत पूर ठरतो.

पाणी कमी असले की नदी सोपी होते, हे अर्धेच खरे आहे. वेग आणि लाटा कमी होतात, पण झाकलेले धोंडे वर येतात, वाटा अरुंद होतात आणि होडी अडकण्याचे प्रसंग वाढतात. पाणी वाढले की लहान रॅपिड बुडून सपाट होतात. त्याच वेळी मोठे आणखी मोठे होतात, काठावरची झाडेझुडपे प्रवाहात येतात आणि थांबण्याच्या जागा नाहीशा होतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर अडकलेल्या वस्तूवर पडणारा पाण्याचा जोर दुप्पट होत नाही, तो सुमारे चौपट होतो.

पाणी कोठून येते हेही पाहावे. बर्फ वितळून वाहणारी नदी दिवसाच्या उन्हाने फुगते, त्यामुळे खालच्या टप्प्यात संध्याकाळी किंवा रात्री पाणी चढते आणि कठीण रॅपिड सकाळी उतरणे शहाणपणाचे ठरते. धरणाखालच्या नदीत विसर्गाचे वेळापत्रक मिळवल्याशिवाय उतरू नये. पावसावर चालणाऱ्या नदीत आपल्या डोक्यावरचे आभाळ निरभ्र असले तरी वरच्या खोऱ्यात काय चालले आहे तेच महत्त्वाचे. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येणे आणि काठावरचे कोरडे दगड ओले दिसू लागणे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर नकाशा नंतर पाहावा, आधी होडी उंचावर ओढावी.

कॅनो कोणती असावी?

दोघांसाठी आणि सामानासाठी साधारण १६ ते १७ फुटांची, काठ उंच असलेली आणि तळाला दोन्ही टोकांकडे थोडा वर उचललेला बाक असलेली होडी सोयीची पडते. असा बाक असला की ती खडकांमधून चटकन वळते. संथ पाण्यावर मात्र तीच होडी सरळ ठेवताना हात भरून येतात. ॲल्युमिनियमची होडी खडकावरून घसरत नाही, चिकटते. पॉलिथिलीनची जड असते, पण मार खाते. रॉयलेक्स या थरांच्या प्लास्टिकचे उत्पादन २०१४मध्ये थांबले, तरीही त्याच्या जुन्या होड्या मंडळी आजही जपून वापरतात. हलक्या धाग्यांच्या होड्या खांद्यावर वाहायला फार छान असतात. रॅपिडच्या बाबतीत मी त्यांच्या वाटेला जात नाही.

होडी कोणतीही असो, दोन्ही टोकांना तरंगणारे दोर बांधलेले असावेत, ते नीट गुंडाळून एका ओढीत सुटतील असे ठेवावेत, आणि जेथे सामान नाही तेथे हवेच्या पिशव्या भरून जागा अडवावी. पाण्याने काठोकाठ भरलेल्या कॅनोचे वजन अर्ध्या टनाहून अधिक होते. हवेची पिशवी तितके पाणी आत येऊच देत नाही, आणि होडी वर तरंगून खडकांवरून निसटते.

किती सराव असावा?

दोघांनी मिळून तीन गोष्टी न बोलता करता आल्या पाहिजेत. पहिली, खडकामागच्या थांबलेल्या, किंचित उलट वाहणाऱ्या पाण्यात, म्हणजे एडीत, ठरवलेल्या जागी शिरणे. दुसरी, तेथून पुन्हा प्रवाहात येताना होडी प्रवाह ज्या दिशेला जातो त्या बाजूला झुकवणे. उलट बाजूला झुकली तर पाणी येते त्या बाजूचा काठ ते पकडते आणि क्षणात होडी पालथी होते. तिसरी, उलटे वल्हवत, होडीचा मागचा भाग जिकडे जायचे त्या काठाकडे थोडा वळवून प्रवाहात आडवे सरकणे. भरलेल्या कॅनोसाठी ही तिसरी युक्ती सर्वांत मोलाची आहे, कारण ती वेग कमी करून विचाराला वेळ देते. नवशिके रॅपिड दिसला की जोरात वल्हवतात. अनुभवी माणूस बहुधा मागे वल्हवताना दिसतो.

पुढे बसलेल्याला खडक आधी दिसतो, म्हणून होडीचे नाक ऐनवेळी बाजूला ओढण्याचे काम त्याचे असते. मागचा दिशा धरतो. ‘डावीकडे’ म्हणजे खडक डावीकडे आहे की डावीकडे जायचे आहे, हा घोळ घरीच मिटवून यावा.

किती जणांनी जावे?

निदान तीन होड्या असाव्यात. एक उलटली तर एक माणसांकडे आणि एक सामानाकडे जाऊ शकते. सर्वांत जाणकार जोडी पुढे, दुसरी भक्कम जोडी सर्वांत मागे, आणि मधल्यांनी आपल्या मागची होडी नजरेआड होऊ द्यायची नाही.

रोज किती अंतर धरावे?

वाहत्या, फारशा अवघड नसलेल्या नदीवर भरलेल्या कॅनोने २० ते ३० किलोमीटर सहज होतात. तथापि काठावर उतरून पाहण्याच्या प्रत्येक रॅपिडमागे अर्धा तास आणि सामान उचलून नेण्याच्या प्रत्येक जागेमागे एक ते दोन तास वजा करावेत. पहिला दिवस नेहमी तोकडा ठेवावा. होडी भरण्यातच सकाळ जाते. शिवाय एक पूर्ण दिवस राखीव असावा. तो नसला की पाणी चढलेले असतानाही ‘उद्या पोहोचायचेच आहे’ म्हणून माणसे उतरतात.

रॅपिड काठावरून कधी पाहावा आणि त्यात काय पाहावे?

होडीतून त्याचे खालचे टोक दिसत नसेल तर पाहावा. पुढे नदी एका आडव्या रेषेशी संपल्यासारखी वाटते, रेषेपलीकडे फक्त झाडांचे शेंडे दिसतात आणि मधूनच पाण्याचे तुषार उडतात, तेव्हा ती कडेवरून खाली उतरत असते. अशा वेळी उभे राहून पाहण्याच्या मोहात न पडता काठ गाठावा.

पाहणी खालून वर करावी. आधी रॅपिड संपतो तेथे काय आहे, पोहत आलेला माणूस कोठे जाईल, ते पाहावे. मग शेवटची हालचाल, तिच्या आधीची, असे उलटे येत प्रवेशापर्यंत यावे. दोन खडकांमधून काचेसारखे गुळगुळीत पाणी जिभेसारखे निमुळते होत खाली जाते, तेव्हा त्या इंग्रजी ‘व्ही’चे टोक प्रवाहाच्या दिशेला असते आणि तीच वाट असते. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या बाजूला असेल तर त्याच्या टोकाशी खडक लपलेला आहे. लाट एकाच जागी उभी राहून पुन्हा पुन्हा वरच्या दिशेला कोसळत असेल, तर तिच्यामागे पाणी गोल फिरवणारा खड्डा आहे. काठावरून सगळेच लहान दिसते, म्हणून एखादी काटकी प्रवाहात टाकून ती कोठे जाते, किती वेळ अडकते ते बघत बसावे. आपण ठरवलेल्या वाटेने काटकी गेली नाही, तर होडीही आपोआप जाणार नाही.

उतरायचे नसेल तर काय पर्याय आहेत?

सामान आणि होडी काठाने उचलून नेणे हा पहिला. यात कमीपणा काहीच नाही. उलट, सहलीच्या आराखड्यात अशा जागा आधीच धरलेल्या असाव्यात. दुसरा पर्याय दोन दोरांनी होडी काठाकाठाने खाली सोडण्याचा. त्यात वरच्या बाजूचा दोर ओढून होडी आडवी होऊ न देणे हेच सारे कौशल्य आहे. दोर हाताला गुंडाळू नये. तिसरा पर्याय, सामान उचलून नेऊन रिकामी होडी उतरवणे. हलकी होडी किती वेगळी वागते हे एकदा पाहिले की तासाभराची हमाली वसूल होते.

होडी उलटली तर?

होडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येते त्या अंगाला जावे. खालच्या बाजूला राहिलात तर भरलेली होडी तुम्हाला खडकावर दाबते. पाठीवर तरंगावे, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि तिरके पोहत काठाकडे सरकावे. प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल दगडांच्या सापटीत अडकले तर पाणी शरीराला पुढे लोटते आणि डोके खाली जाते. पाणी गुडघ्याखाली आल्यावरच उभे राहावे. आधी माणूस, मग होडी, मग वल्हे, आणि पिशव्या सर्वांत शेवटी.

होडी आडवी होऊन खडकावर जाऊ लागली, तर उपजत बुद्धी खडकापासून दूर झुकायला सांगते. ती ऐकू नये. दोघांनीही खडकाकडे झुकावे, त्याला मिठी मारायची असल्यासारखे. तसे केले तर पाणी येते त्या बाजूचा होडीचा काठ उंच राहतो आणि ती बहुधा घसरून सुटते. दूर झुकलात तर पाणी आत शिरते आणि सतरा फुटांची होडी खडकाभोवती ओल्या टॉवेलसारखी गुंडाळली जाते.

सर्वांत अधिक भीती कशाची बाळगावी?

मोठ्या आवाजाच्या लाटांची नव्हे. प्रवाहात पडलेल्या झाडाची बाळगावी, कारण फांद्यांमधून पाणी चाळणीसारखे निघून जाते आणि माणूस अडकून राहतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जेथे काठ खचतो, तेथे अशी झाडे अधिक असतात. म्हणून आंधळ्या वळणावर आतल्या बाजूने जावे. पोहताना असे झाड टाळणे अशक्यच झाले, तर पालथे होऊन डोके पुढे करून जोरात पोहावे आणि त्यावर चढावे.

दुसरे भय ठेंगण्या बंधाऱ्याचे. वरून तो निरुपद्रवी दिसतो, पाण्याची एक सरळ, जवळजवळ निःशब्द घडी. पण त्याखाली काठापासून काठापर्यंत उलटे फिरणारे पाणी असते आणि त्यात निसटायला कोठेही फट नसते. नैसर्गिक खडकात असा नेमकेपणा क्वचितच असतो. बंधारा एक मीटरचा असला तरी उचलूनच न्यावे.

अंगावर काय असावे?

लाइफ जॅकेट, घट्ट आवळलेले, पाण्यावर असेपर्यंत सतत. रॅपिडमध्ये हेल्मेट. जॅकेटला बांधलेली, आत गोळी नसलेली शिट्टी. बोटे झाकणारे, न निसटणारे बूट. कपडे हवेच्या तापमानासाठी नव्हे तर पाण्याच्या तापमानासाठी निवडावेत. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात येत नाही, त्यानंतर हातपाय उपयोगाचे राहतात ती अवघी दहाएक मिनिटे, आणि शरीराचे तापमान घातक पातळीला यायला सुमारे तास लागतो. म्हणजे माणूस गारठण्याआधी त्याचे हात निकामी होतात. वेटसूट (अंगाला चिकटून ऊब राखणारा पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा पोशाख) या दहा मिनिटांची लांबी वाढवतो.

सामान कसे भरावे?

जड वस्तू तळाशी आणि मध्यावर ठेवाव्यात. भरल्यानंतर होडीचा काठ पाण्यापासून निदान १५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. पिशव्या आडव्या दांड्यांना घट्ट आवळाव्यात. सैल, लांब दोरीवर लोंबणारी पिशवी पोहणाऱ्याच्या पायात येते. पाणी आत जाऊ न देणाऱ्या पिशवीच्या, म्हणजे ‘ड्राय बॅग’च्या, तोंडाला तीन घड्या हव्यात. घाईत मी एकदा दोनच घातल्या होत्या. होडी उलटलीसुद्धा नव्हती, तळाशी नुसते पाणी साचले होते, आणि त्या रात्री माझी झोपण्याची पिशवी पिळताना तिच्यातून निघालेले पाणी मी अजून विसरलेलो नाही.

फेकण्याचा दोर, १५ ते २० मीटरांचा, प्रत्येक होडीत हाताशी असावा. जादा वल्हे, प्रथमोपचार, होडी दुरुस्तीची चिकटपट्टी आणि चाकू यांच्याविषयी वाद नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र मात्र पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावे, कारण ज्या प्रसंगी ते लागते त्या प्रसंगी पिशवी बहुधा पुढे गेलेली असते.

पाण्याच्या आवाजात एकमेकांशी कसे बोलावे?

वल्हे उभे धरले तर ‘या’. डोक्यावर आडवे धरले तर ‘थांबा’. उभे वल्हे एका बाजूला झुकवले तर त्या बाजूने यावे. बोट नेहमी सुरक्षित वाटेकडे दाखवावे, धोक्याकडे कधीच नाही. शिट्टीचे तीन लांब आवाज म्हणजे संकट. पाहणाऱ्याने तीच खूण परत करून दाखवावी.

मुक्कामाची जागा कशी निवडावी?

काठावरच्या झुडपांत अडकलेला वाळका कचरा मागच्या पुराची उंची सांगतो. तंबू त्याच्या वर असावा. होडी उलटी करून झाडाला बांधावी. झोपण्याआधी पाण्याच्या कडेशी एक काठी रोवून ठेवावी आणि रात्री जाग आली की तिच्यावर बॅटरी मारावी. अशीच एक काठी मी रोवली होती. पहाटे पाहिले तेव्हा ती दोन हात पाण्यात उभी होती, काठावर एक थेंब पाऊस नव्हता. त्या दिवशी आम्ही राखीव दिवस वापरला. शौचासाठी पाण्यापासून साठेक मीटर दूर जावे.

घरी काय सांगून जावे आणि गाडीचे काय?

एका जबाबदार माणसाकडे मार्ग, होड्यांचे रंग, माणसांची संख्या, मुक्कामांच्या खुणा असलेला नकाशा आणि ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागवा’ अशी नेमकी वेळ लिहून द्यावी. राखीव दिवस त्या वेळेत धरलेला असावा. परवानगी लागते का, याची चौकशी नदीच्या सबंध मार्गासाठी करावी, कारण खालचा टप्पा संरक्षित क्षेत्रात असू शकतो.

एक गाडी आदल्या दिवशी खालच्या टोकाला नेऊन ठेवावी आणि तसे करताना बाहेर पडण्याची जागा पाण्याच्या बाजूने पाहून, एखादे झाड किंवा कडा मनात टिपून घ्यावा. नदीतून ती जागा अगदी निराळी दिसते आणि चुकली तर परत वर वल्हवत येता येत नाही. खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहून जाणे हा या छंदातला सर्वांत जुना विनोद आहे. ती निघताना जॅकेटच्या चेनने बंद होणाऱ्या खिशात ठेवावी, आणि कोणाच्या खिशात आहे ते किमान दोघांना ठाऊक असावे.